तार किती जाड असावी? लॉर्ड केल्विन यांची आयुष्यभराची आकडेमोड

नवा गीझर बसवायला आलेला वायरमन घरमालकाला एक प्रश्न हमखास विचारतो. वायर दीडची टाकायची की अडीचची? दीड काय आणि अडीच काय, दोन्ही वायरी भिंतीत जाणार आणि वरून प्लॅस्टर फिरणार. त्यामुळे दोन्हींच्या किमतीतला फरक तेवढा विचारून बरेच जण निर्णय घेऊन टाकतात. हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटत असला तरी एकोणिसाव्या शतकातील एका थोर शास्त्रज्ञाने आयुष्याची अनेक वर्षे त्यावर खर्च केली. कंपन्या बुडाल्या, प्रतिष्ठा धुळीला मिळाल्या आणि लाखो पौंडांचे तांबे समुद्राच्या तळाशी गेले, तेव्हा कुठे त्याचे म्हणणे जगाला पटले. विल्यम थॉमसन हे त्याचे नाव. पुढे जग त्यांना लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागले.

केल्विन म्हटले की तापमानाचे एकक आठवते. शाळेच्या पुस्तकात उणे २७३ अंशांचा उल्लेख येतो, तिथेच त्यांची भेट होते आणि तिथेच बहुधा संपते. पण घरातल्या विजेच्या तारेशी त्यांचा संबंध तापमापकाइतकाच घनिष्ठ आहे. किंबहुना रोजच्या व्यवहाराच्या दृष्टीने तो अधिकच म्हणावा लागेल.

२६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे विल्यम यांचा जन्म झाला. वडील जेम्स थॉमसन हे शेतकऱ्याच्या घरातून शिकून वर आलेले गणिताचे शिक्षक होते. विल्यम सहा वर्षांचे असताना आई वारली. मुलांचे शिक्षण वडिलांनी घरीच, स्वतःच्या देखरेखीखाली केले. १८३२ मध्ये त्यांना ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापकपद मिळाले आणि सारे कुटुंब स्कॉटलंडला आले. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी विल्यम यांचे नाव विद्यापीठाच्या पटावर लागले. त्या काळी ग्लासगोत लहान वयात प्रवेश मिळत असे, हे लक्षात घेतले तरी ही प्रगती थक्क करणारीच होती.

त्यांच्या आयुष्याला दिशा देणारी घटना १८४० साली घडली. जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेच्या वहनावरील ग्रंथ सोळा वर्षांच्या विल्यम यांच्या हाती पडला आणि पंधरवड्यात त्यांनी तो वाचून काढला. पुढच्याच वर्षी फूरियेच्या बाजूने लिहिलेला त्यांचा पहिला लेख टोपणनावाने प्रसिद्ध झाला. एडिंबरोच्या एका प्राध्यापकाची चूक त्यात दाखवलेली असल्याने टोपणनाव आवश्यकच होते. उष्णता धातूच्या सळईतून कशी पुढे सरकते, याचे हे गणित पुढे समुद्राखालच्या तारेला जसेच्या तसे लागू पडणार होते. मात्र ते कळायला अजून चौदा वर्षे होती.

केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात त्यांनी गणिताबरोबर नौकानयनातही बक्षिसे मिळवली. १८४५ च्या अंतिम परीक्षेत ते दुसरे आले. पहिला क्रमांक हुकल्याची रुखरुख घरच्यांना होती, पण त्यानंतर लगेच झालेल्या स्मिथ पारितोषिकाच्या स्पर्धेत त्यांनी बाजी मारली. काही महिने पॅरिसमध्ये रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत काढून ते परतले आणि १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. या खुर्चीवर ते पुढे ५३ वर्षे बसले. केंब्रिजने वारंवार बोलावणे धाडूनही त्यांनी ग्लासगो सोडले नाही.

१८४७ साली ऑक्सफर्डच्या विज्ञान परिषदेत त्यांची गाठ जेम्स ज्यूल यांच्याशी पडली. मँचेस्टरजवळच्या दारूभट्टीच्या मालकाचा हा मुलगा फावल्या वेळात प्रयोग करी. काचेच्या भांड्यातील पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून त्यातून वीज सोडायची आणि पाणी किती तापते ते मोजायचे, असा त्याचा एक प्रयोग होता. म्हणजे आजचा गीझरच. त्यातून १८४० च्या सुमारास ज्यूल यांना एक नियम सापडला. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट. ज्यूल यांचे म्हणणे गांभीर्याने घ्यायला तेव्हा फारसे कोणी तयार नव्हते. थॉमसन यांनाही ते लगेच पटले नाही, पण टाकून देण्याजोगेही वाटले नाही. पुढे त्याच उन्हाळ्यात आल्प्समध्ये दोघांची अचानक भेट झाली. ज्यूल मधुचंद्राला आले होते आणि धबधब्याच्या माथ्यावरचे व पायथ्याचे पाणी यांच्या तापमानातला फरक मोजण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या हातात लांबलचक तापमापक होता हा या कथेतला तपशील इतिहासकारांना शंकास्पद वाटतो. पण मैत्री मात्र खरी ठरली.

ज्यूल यांच्या नियमात एक गंमत दडलेली आहे. वीज कोणत्या तारेला तापवायची आणि कोणत्या तारेला नाही, असा भेदभाव करत नाही. गीझरच्या कॉइलमध्ये जो प्रवाह वाहतो, तोच भिंतीतल्या वायरीतूनही येत असतो. कॉइल तापावी ही आपली इच्छा असते. वायर तापू नये हीही आपलीच इच्छा असते. फरक करायचा तर तो रोधाने. कॉइलचा रोध जास्त ठेवायचा आणि वायरीचा कमी. वायर लांब असेल तर रोध वाढतो, जाड असेल तर घटतो. म्हणूनच तार किती जाड असावी, हा प्रश्न उभा राहतो.

थॉमसन यांच्यापुढे तो उभा राहिला तो मात्र उष्णतेच्या नव्हे, वेळेच्या रूपाने. १८५४ च्या सुमारास एक विचित्र अनुभव येऊ लागला होता. खांबांवरच्या तारेतून तारायंत्राचा ठोका क्षणात पोचे, पण जमिनीखाली किंवा पाण्याखाली पुरलेल्या लांब केबलमधून तो रेंगाळत, पसरत, विरत येई. मित्र जॉर्ज स्टोक्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात थॉमसन यांनी याचे गणित मांडले. ते गणित फूरियेचेच होते. सळईत उष्णता जशी झिरपत पुढे जाते, तशीच केबलमध्ये वीज झिरपते. निष्कर्ष असा की, केबलची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो. त्यावर तोडगा एकच होता. आतली तांब्याची तार जाड करा आणि तिच्याभोवतीचे गटापर्चाचे आवरणही जाड करा.

नेमक्या याच वेळी आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी सुमारे २००० मैलांची केबल अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकण्याची योजना अमेरिकन व्यापारी सायरस फील्ड यांनी हाती घेतली होती. कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने शल्यचिकित्सक असलेले हे गृहस्थ हौसेने विजेचे प्रयोग करीत. प्राध्यापक मंडळींच्या कागदी गणितावर त्यांचा विश्वास नव्हता. १८५६ च्या चेल्टनहॅम येथील विज्ञान परिषदेत त्यांनी थॉमसन यांचा वर्गाचा नियम जाहीरपणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. तार जाड केली तर तिच्यात साठणारी वीजही वाढते, मग उपयोग काय, असा युक्तिवादही त्या काळी केला जात असे. तो ऐकायला बिनतोड वाटे. शिवाय तो स्वस्त होता! जाड तार म्हणजे जास्त तांबे आणि जास्त तांबे म्हणजे जास्त भांडवल. भागधारकांच्या बैठकीत कोणते शास्त्र लोकप्रिय ठरणार, हे सांगायला नको.

थॉमसन कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आले तोवर केबलचा आराखडा ठरून गेला होता. एका सागरी मैलाला सुमारे ४९ किलो तांबे असे प्रमाण होते. आजच्या भाषेत सांगायचे तर आतल्या तारेचे क्षेत्रफळ तीन चौरस मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरला जी अडीचची वायर जाते, तिच्याहून जेमतेम सरस असलेल्या तारेने दोन खंड जोडायला ही मंडळी निघाली होती.

काम घाईत चालले होते. केबलवर लोखंडी तारांचे कवच चढवण्याचे काम दोन कारखान्यांना वाटून दिले होते. एकाने पीळ उजवीकडे दिला, दुसऱ्याने डावीकडे; दोन्ही तुकडे भरसमुद्रात एकमेकांना जोडायचे होते, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. थॉमसन यांनी तांब्याचे नमुने तपासले तेव्हा आणखी एक धक्का बसला. दिसायला सारख्या आणि सारख्याच जाडीच्या तारांची वहनक्षमता एकीची दुसरीच्या जवळपास दुप्पट निघे. फरक तांब्याच्या शुद्धतेचा होता. तोवर तांबे म्हणजे तांबे अशीच सर्वांची समजूत होती. तारेची जाडी बरोबर असून भागत नाही, धातूही बरोबर असावा लागतो, ही गोष्ट त्यांनी प्रथम कारखानदारांच्या गळी उतरवली आणि पुढील केबलसाठी तांब्याची चाचणी सक्तीची झाली. बाजारात आजही आयएसआय मार्कची आणि बिनमार्कची वायर शेजारी शेजारी टांगलेली असते, तेव्हा प्रश्न तोच असतो.

१८५७ चा पहिला प्रयत्न केबल तुटल्याने फसला. १८५८ च्या जूनमध्ये ‘ॲगामेम्नॉन’ ही ब्रिटिश युद्धनौका आणि ‘नायगारा’ ही अमेरिकन नौका पुन्हा निघाल्या. व्हाइटहाउस यांनी प्रकृतीचे कारण पुढे करून समुद्रावर जायचे टाळले. त्यांच्या जागी थॉमसन गेले, तेही विनावेतन. अटलांटिकमध्ये वादळाने ‘ॲगामेम्नॉन’ला गाठले. कोठारातील कोळसा सुटून खलाशांच्या अंगावर आला, डेकवर रचलेली केबलची वेटोळी विस्कटली, जहाज आडवे होते की काय अशी वेळ आली. त्यातून वाचल्यावर केबल तीन वेळा तुटली आणि सारे परत फिरले. जुलैमध्ये पुन्हा निघाले. ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही किनारे जोडले गेले. लंडन-न्यूयॉर्कमध्ये रोषणाई झाली, तोफा उडाल्या.

राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. बारीक तार आपले रंग दाखवत होती. इतका क्षीण संकेत वाचण्यासाठी थॉमसन यांनी एक देखणे उपकरण बनवले होते. रेशमाच्या धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले इवलेसे लोहचुंबक आणि भोवती तारेचे वेटोळे. किंचितही वीज आली की आरसा हले आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके. व्हाइटहाउस यांना मात्र जोर लावण्यावर भरवसा होता. त्यांनी पाच फूट लांबीची प्रचंड वेटोळी वापरून केबलमध्ये सुमारे २००० व्होल्टचा दाब सोडला. आधीच अशक्त असलेले आवरण त्या दाबाने आणखी खचले. सप्टेंबर उजाडता उजाडता केबल मुकी झाली. व्हाइटहाउस ज्या संदेशांचे श्रेय स्वतःच्या यंत्राला देत होते, ते प्रत्यक्षात थॉमसन यांच्या आरशावर वाचलेले होते, हेही मागाहून उघड झाले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

दोष एकट्या व्हाइटहाउस यांचा नव्हता, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. केबल बनवतानाच तिच्यात दोष होते, ती महिनोन् महिने उन्हात पडून होती. पण मूळ निवड चुकली होती, हे खरेच. लगोलग सुएझ ते कराची ही केबलही १८५९-६० मध्ये टाकली गेली आणि तीही निकामी झाली. इतका पैसा बुडाल्यावर सरकारला जाग आली. सरकार आणि कंपनीच्या संयुक्त समितीने दोन वर्षे साक्षी-पुरावे तपासून १८६१ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी थॉमसन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश विज्ञान परिषदेने विद्युत-रोधाचे प्रमाणित माप ठरवण्यासाठी समिती नेमली. ‘ओहम’ हे एकक त्या प्रयत्नातून रूढ झाले. तोवर प्रत्येक कारखान्याचे माप वेगळे; एकाचा रोध दुसऱ्याला ताडून पाहता येत नसे. मापच नसेल तर तार निवडायची कशी?

मधल्या काळात, १८६० च्या डिसेंबरमध्ये, लार्ग्ज येथे बर्फावर खेळताना ते घसरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. ते आयुष्यभर लंगडत चालले. पत्नी मार्गारेट लग्नानंतर लवकरच आजारी पडल्या होत्या आणि पुढची अनेक वर्षे त्यांची शुश्रूषा चालू होती. या साऱ्यात केबलचे काम थांबले नाही.

१८६५ च्या नव्या केबलमध्ये सागरी मैलाला १३६ किलो तांबे घालण्यात आले. म्हणजे आधीच्या जवळजवळ तिप्पट. क्षेत्रफळ सव्वाआठ चौरस मिलिमीटर. गटापर्चाचे आवरणही ११८ किलोंवरून १८१ किलोंवर गेले. ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वात मोठ्या जहाजावर ती चढवली गेली. वाटेत ती तुटून हरवली. १८६६ मध्ये दुसरी केबल घेऊन जहाज पुन्हा निघाले आणि २७ जुलैला ती किनाऱ्याला लागली. एवढ्यावर न थांबता आदल्या वर्षी हरवलेली केबलही खोल समुद्रातून गळाने वर काढून पूर्ण करण्यात आली. आता मिनिटाला सुमारे आठ शब्द जाऊ लागले, तेही अल्पशा बॅटरीच्या बळावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात थॉमसन ‘सर’ झाले.

या यशाचा लाभ मुंबईलाही झाला. ‘ग्रेट ईस्टर्न’ आफ्रिकेला वळसा घालून १८७० च्या जानेवारीअखेर मुंबई बंदरात आले आणि फेब्रुवारीत त्याने मुंबई ते एडन ही केबल टाकायला घेतली. जूनपर्यंत समुद्रमार्गे लंडन-मुंबई तारसेवा जोडली गेली. विलायतेची बातमी काही तासांवर आली. कापसाचे भाव ठरवणाऱ्या मुंबईच्या पेढ्यांना याचे मोल सांगायची गरज नव्हती.

पेटंटच्या उत्पन्नातून थॉमसन श्रीमंत झाले. मार्गारेट १८७० मध्ये वारल्या. त्याच वर्षी त्यांनी १२६ टनांची ‘लल्ला रूख’ ही शिडाची नौका घेतली आणि उन्हाळे समुद्रावर काढू लागले. केबलच्या कामानिमित्त मदेरा बेटावर थांबावे लागले असता तेथील ब्लँडी कुटुंबाशी परिचय झाला आणि १८७४ मध्ये फ्रान्सिस ब्लँडी यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. जहाजाचे सुधारित होकायंत्र, पियानोच्या तारेने समुद्राची खोली मोजण्याचे यंत्र, भरती-ओहोटीचे भाकीत करणारे यंत्र अशा कितीतरी गोष्टी त्या वर्षांत झाल्या. त्यांचा तपशील येथे नको.

तारेच्या जाडीचा प्रश्न दुसऱ्यांदा त्यांच्या दारात आला तो विजेच्या दिव्यांबरोबर. १८८१ मध्ये त्यांनी ग्लासगो विद्यापीठातील आपले राहते घर विजेने उजळवले. शंभराहून अधिक दिवे, ते चालवायला गॅसचे इंजिन आणि नुकत्याच निघालेल्या संचायक बॅटऱ्या. संपूर्णपणे विजेवर उजळलेल्या जगातल्या पहिल्या काही घरांत त्याची गणना होते. आता तारेतून ठोका नव्हे, शक्ती जायची होती. वेळेचा प्रश्न मागे पडला. ज्यूल यांचा नियम पुढे आला.

त्याच वर्षी यॉर्क येथील विज्ञान परिषदेत त्यांनी एक छोटासा निबंध वाचला. ‘केल्विनचा नियम’ म्हणून तो आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्यातला विचार एखाद्या काटकसरी गृहिणीला चटकन उमगावा असा आहे. तार बारीक घेतली तर तांब्याचा खर्च वाचतो, पण वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि ते नुकसान वर्षानुवर्षे चालू राहते. तार जाड घेतली तर वीज वाचते, पण भांडवल अडकते आणि त्याचे व्याज भरावे लागते. एक खर्च जाडीबरोबर वाढतो, दुसरा जाडीबरोबर घटतो. दोन्हींची बेरीज कमीत कमी कुठे येते? वर्षाचे व्याज आणि वर्षभरात वाया गेलेल्या विजेची किंमत ज्या जाडीला सारखी होईल, तिथे. विशेष म्हणजे तारेच्या लांबीचा या उत्तराशी काहीच संबंध नाही. मैलभर तारेला जे उत्तर, तेच शंभर मैलांना.

याच परिषदेत त्यांनी नायगाराच्या धबधब्याचा हिशेबही मांडला. ८०,००० व्होल्टचा दाब वापरला तर अर्धा इंच व्यासाच्या तांब्याच्या तारेतून २१,००० अश्वशक्ती ३०० मैलांवर पोचवता येईल आणि वाटेत पाचवा हिस्साच काय तो वाया जाईल. दाब वाढवला की तीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते आणि प्रवाह कमी म्हणजे उष्णता वर्गाने कमी. डोंगरातून जाणाऱ्या आजच्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्या याच तर्कावर उभ्या आहेत. गंमत अशी की, दाब सहज वाढवता-उतरवता येतो तो प्रत्यावर्ती प्रवाहाचा, आणि त्याला केल्विन यांचा अनेक वर्षे कडवा विरोध होता. नायगाराच्या वीज योजनेसाठी १८९० मध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. तरी १८९३ मध्ये नायगाराच्या कंपनीने प्रत्यावर्ती प्रवाहच निवडला. काळाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

केल्विनचा नियम पैशांचा आहे, आगीचा नाही, ही गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. साधा हिशेब पाहा. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर प्रवाह ओढतो. मीटरपासून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन तार ३० मीटर होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे ३८ वॉट उष्णता निर्माण होईल. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ९२ वॉट. गीझर दिवसाला अर्धा तास चालत असेल तर वर्षाअखेर दोहोंत फरक जेमतेम १० युनिटचा. एवढ्यासाठी जाड वायर कशाला, असे पैशांचा हिशेब म्हणेल. पण ते ९२ वॉट बंद पाइपात, प्लॅस्टरखाली, प्लॅस्टिकच्या आवरणाला चिकटून जन्माला येत असतात. बिल वाढण्याआधी आवरण तापते.

हा धोका दिव्यांच्या पहिल्या दिवसांतच लक्षात आला होता. नाट्यगृहे आणि श्रीमंतांची घरे विजेने उजळू लागली आणि विमा कंपन्या धास्तावल्या. १८८२ मध्ये लंडनच्या तारायंत्र अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून नियम करण्यासाठी समिती नेमली. क्रुक्स, क्रॉम्प्टन, हॉपकिन्सन अशा नामवंतांबरोबर सर विल्यम थॉमसनही त्या समितीत होते. अटलांटिक केबलचे जुने सहकारी चार्ल्स ब्राइटही होते. चार पानांत मावलेल्या त्या नियमांनी सांगितले की, प्रत्येक भागातील तारेची जाडी तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाच्या मानाने ठरवली जावी, जाड तार बारीक तारेला मिळते तिथे फ्यूज असावा आणि कोणत्याही परिस्थितीत तार १५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या वर तापू नये. आज घरगुती पीव्हीसी वायरीला मर्यादा आहे ७० अंशांची. सव्वाशेहून अधिक वर्षांत आकडा फारसा हललेला नाही.

ब्रिटनमध्ये त्याच नियमांच्या वाढत गेलेल्या आवृत्त्या आजही वायरिंगला लागू आहेत. तेथील न्हाणीघरांत टाकी नसलेला विजेचा शॉवर सर्रास असतो. नळाचे थंडगार पाणी वाहता वाहता तापवायचे म्हणून त्याची शक्ती १० किलोवॉटच्या घरात, म्हणजे आपल्या गीझरच्या तिप्पट असते आणि प्रवाह ४३ अँपिअरच्या पुढे जातो. त्यासाठी सहाची केबल घ्यावी की दहाची, हा तेथील वायरमनपुढचा रोजचा प्रश्न. उघड्या भिंतीवर ठोकलेली सहाची केबल ४७ अँपिअर वाहू शकते, म्हणजे कागदावर पुरेशी. पण थंडीपासून बचावासाठी भिंतीत भरलेल्या लोकरीसारख्या थरात तीच केबल पूर्णपणे गाडली गेली की तिची क्षमता निम्म्यावर येते, कारण उष्णतेला बाहेर जायला वाटच उरत नाही. दहाच्या केबलचीही तीच गत. ६४ चे ३२ होतात. म्हणून केबल कुठून नेणार, हे पाहिल्याशिवाय जाडी सांगता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने पंधरवड्यात वाचलेला फूरिये येथे पुन्हा भेटतो. आपल्याकडे भिंतीत असे थर नसतात. पण एकाच पाइपात पाच-सहा वायरी कोंबण्याची रीत आहे आणि तिचा परिणाम त्याच दिशेचा होतो. मोठा फ्यूज किंवा मोठी एमसीबी टाकून तो टळत नाही, उलट बळावतो. कारण तापलेल्या वायरीला तोडणारे मग कोणी राहत नाही.

१८८४ मध्ये पीटरहाउस महाविद्यालयाच्या सहाशेव्या वर्षानिमित्त त्यांनी तेथे विजेचे दिवे बसवून दिले. १८८९ मध्ये ते विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. प्रत्यावर्ती प्रवाह जाड तारेच्या गाभ्यातून न जाता पृष्ठभागालगत वाहतो, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे तार जाड करून उपयोग नाही, हे त्यांनी तेव्हा आकड्यांनिशी दाखवले. १८९० ते १८९५ रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि १८९२ मध्ये उमराव घराण्याची पदवी. विद्यापीठाच्या पायथ्याशी वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी पदवीसाठी निवडले.

उतारवयात त्यांची काही मते हट्टाची ठरली. पृथ्वीचे वय त्यांनी काही कोटी वर्षेच धरले. भूगर्भशास्त्रज्ञ आणि डार्विनवादी यांच्याशी त्यावरून दीर्घकाळ वाद झाला आणि किरणोत्साराच्या शोधानंतर तो हिशेब मोडीत निघाला. क्ष-किरणांची बातमीही त्यांना प्रथम थाप वाटली होती.

१८९९ मध्ये निवृत्त झाल्यावर विद्यापीठाशी नाते तुटू नये म्हणून त्यांनी संशोधक विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव नोंदवले. पटावर प्रथम नाव लागले त्याला तेव्हा ६५ वर्षे झाली होती. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्ज येथील घरी त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटन यांच्या समाधीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्यांना अपत्य नव्हते. त्यामुळे लॉर्ड केल्विन ही पदवी त्यांच्याबरोबरच संपली.